पदरमोड



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत त्यांचं नाव माझ्या मागच्या फलकावर आहे. मी बोलताना मात्र नुसतं 'सर' म्हणेन. आम्ही पोरांनी त्यांना दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही, आज ते जिभेवर यायचं नाही.

सर खेळाचे शिक्षक होते. पहाटे साडेपाचला मैदानावर हजर. मैदान म्हणजे शाळेमागचा मुरमाड तुकडा. त्यातले दगड वेचण्यापासून फक्कीच्या रेषा आखण्यापर्यंत सगळं ते स्वतः करायचे. शाळेकडून वर्षाला दोन व्हॉलीबॉल आणि एक दोरखंड मिळायचा. आणि वर्षाच्या शेवटी ऑफिसात बोलावून विचारणा व्हायची, यंदाही ढाल का आली नाही? अमरावतीला विभागीय स्पर्धेला जायचं म्हणजे बारा पोरांचं एसटीचं भाडं, दोन वेळचं जेवण, रात्रीचा मुक्काम. बिल टाकलं की सहा महिने फिरायचं, कधी कधी परतच यायचं नाही. तरी आमची एकही स्पर्धा चुकली नाही. सकाळचे भिजवलेले चणे आणि गुळाचा खडा सरांच्या घरून यायचा, पितळी पातेल्यात, वर ओला पंचा झाकून. ते चणे रात्री कोण भिजवत होतं? काकू आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. काकू, त्या चण्यांचा हिशेब आम्ही कधी विचारला नाही, आणि शाळेने तर नाहीच नाही.

पुढे एका वर्षी ढाल आली. शाळेच्या वार्षिक अहवालात सरांच्या 'निःस्वार्थ परिश्रमां'वर दोन ओळी छापून आल्या. आम्हाला त्या ओळी वाचून अभिमान वाटला होता. आज वाचल्या की अंगावर येतात. कारण त्या दोन ओळींवर शाळेने सगळा हिशेब मिटवून टाकला होता.

आपल्या भाषेत या व्यवहाराला शब्द आहे. पदरमोड. पदराच्या गाठीला चार पैसे बांधून ठेवणाऱ्या बायकांच्या काळातला तो असावा. दुसऱ्याचं काम तडीस न्यायला स्वतःच्या गाठीचं सोडायचं, ती पदरमोड. शब्द आपण नेहमी कौतुकाने वापरतो. 'अमक्याने पदरमोड करून वाचनालय चालवलं.' पण ती करायची वेळ त्याच्यावर कुणी आणली, हे त्या वाक्यात कधी येत नाही. आज मला तेवढंच विचारायचं आहे. मोठं काम स्वस्तात होत नाही. ज्याने काम सांगितलं त्याने पुरती किंमत मोजली नाही, तर राहिलेली किंमत दुसरं कुणी तरी मोजतं. कुणी गाठीच्या पैशातून, कुणी बायकोच्या डोरल्यातून, आणि ज्याच्या गाठीला काहीच नाही तो अंगातून. यश आलं तर त्याला आपण जिद्द म्हणतो. अपयश आलं तर त्यालाच हलगर्जीपणा म्हणतो.

हे मी कुठल्या पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या स्वतःच्या वावरात शिकलो, आणि उशिरा शिकलो.

२०१७ चा पावसाळा या सभागृहात कुणी विसरलं नसेल. जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत फवारणी करताना विष अंगात जाऊन आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. शेकडो जण यवतमाळच्या मेडिकलला भरती झाले. काहींना दिसेनासं झालं होतं. सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं, नोव्हेंबरात पश्चिम विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांची विक्री साठ दिवस बंद केली, मृतांच्या वारसांना दोन लाख रुपये जाहीर केले. कारणं सांगितली गेली. प्रमाणाबाहेर औषध, दोन-तीन औषधं एकत्र, अतिशय बारीक तुषार फेकणारे चिनी बनावटीचे पंप, दमट हवा, डोक्याच्या वर गेलेली कापसाची पऱ्हाटी, आणि संरक्षक किट न वापरणं. यातलं एकही कारण खोटं नाही. पण या यादीत एक रकाना कुठेच नव्हता, तो मजुरीचा.

दारव्हा तालुक्यात आमचं सात एकर वावर आहे. नोकरी यवतमाळात असल्याने शेती माणसं सांगूनच होते. त्या सप्टेंबरात मीही एकाला फवारणीला सांगितलं. तो मला मास्तर म्हणतो, मी त्याला भाऊ म्हणतो. वयाने तो माझ्याहून मोठा आहे. फवारणीची मजुरी आपल्याकडे कुणी रोजाने ठरवतं, कुणी पंपामागे. मी पंपामागे ठरवली. त्याने आकडा सांगितला, मी पाच रुपये कमी केले. उंच पऱ्हाटीला एकरी दहा-बारा पंप लागतात, म्हणजे एकराला पन्नास-साठ रुपये वाचले. घरी येऊन मी ते सांगितलंही, भाव बरा जमला म्हणून.

दुसरी बचत त्याच दिवशी केली. मावा-तुडतुड्यांचं औषध वेगळं, अळीचं वेगळं, आणि वाढीचं टॉनिक आणखी वेगळं. तीन औषधं तीनदा मारायची तर तीनदा मजुरी. म्हणून तिन्ही एकाच पंपात. असं सगळेच करत होते. तपास पथकाने ज्याला 'मिश्रण' म्हटलं ते कुणा अडाणी मजुराच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. त्यात मजुरी वाचवण्याचा हिशेब होता, आणि तो मजुराचा नव्हता, मालकाचा होता. माझा होता.

ते काम मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिलं. धुऱ्यावर निळा ड्रम, त्यात विहिरीचं पाणी. बाटलीचं झाकण हेच माप. पऱ्हाटीच्या काडीने बादलीत ढवळायचं, ते पंपात ओतायचं, पाणी भरायचं, झाकण आवळायचं. सोळा लिटरचा पंप पाठीवर चढवताना थोडं औषध हमखास मानेवरून खाली येतं. तोंडाला दुपट्टा. तो तिसऱ्या पंपाला ओला झाला की चेहऱ्यावर विषाचीच पट्टी बांधल्यासारखं होतं. मग माणूस तोही काढून टाकतो. ओळीत शिरला की माणूस दिसत नाही, फक्त पंपाच्या मोटारीचा आवाज पुढे सरकत राहतो आणि दोन्ही बाजूंच्या ओल्या पानांनी त्याचं अंग पुसलं जातं. ओळीच्या टोकाला बाहेर आला की मातीने हात घासायचे आणि खर्ऱ्याची पुडी सोडायची.

पंपामागे मजुरी घेणारा माणूस थांबत नाही, कारण थांबला तर पैसे थांबतात. वारा तोंडावर आला तर ओळ बदलायला हवी, तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो. साबणाने हातपाय धुवायला विहिरीवर जायचं म्हणजे अर्धा पंप गेला. त्या उकाड्यात जाड किट घातलं की चाल मंदावते, बारा पंपांच्या जागी आठ होतात. म्हणजे स्वतःच्या जिवाची काळजी घ्यायची तर तिचे पैसे त्यानेच भरायचे, अशी ही मजुरीची रीत आहे. कुणी बसून तशी आखली नाही. पण तिचा फायदा आम्ही सगळ्यांनी घेतला.

दुपारी तो धुऱ्यावर आला आणि म्हणाला, "मास्तर, डोयात लय आग होऊन राह्यली."

मी म्हणालो, "तोंड धुऊन घ्या. दोनच पंप राहिले."

हे वाक्य माझं आहे. या व्यासपीठावरून दुसऱ्या कुणाला बोल लावायच्या आधी ते तुमच्यापुढे ठेवणं भाग होतं.

संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. गावातल्या एकाच्या जीपने त्याला यवतमाळला आणलं. तो वाचला. चौथ्या दिवशी मी केळी घेऊन गेलो तेव्हा त्याची बायको वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मास्तर, नऊ पंप झाले होते."

तिला नऊ पंपांचे पैसे हवे होते. घरी पीठ नव्हतं.

आता यात मालक कोण आणि मजूर कोण, हे एवढं सरळही नाही. मी नोकरदार आहे, माझं पोट वावरावर नाही. पण त्या वर्षी ज्या कास्तकारांनी माझ्यासारखेच पाच रुपये वाचवले, त्यांतल्या बहुतेकांचं पोट वावरावरच होतं. २०१७-१८ ला कापसाचा हमीभाव मध्यम धाग्याला क्विंटलमागे ४,०२० रुपये होता, लांब धाग्याला ४,३२०. बियाणं, खत, औषध, वेचणी हे सगळं त्यात बसवायचं. वेचणीवाल्या बायांना किलोमागे द्यायचे. शिवाय ज्या बीटी बियाण्याच्या भरवशावर ती पऱ्हाटी उभी होती त्याला गुलाबी बोंडअळी जुमानत नव्हती. ज्या बोंडांसाठी माणसं हॉस्पिटलात गेली, ती बोंडं दिवाळीनंतर फोडली तर आत कवडी आणि अळी. अनेक वावरं वेचणीआधीच मोडावी लागली, काहींनी त्यात ढोरं सोडली.

म्हणजे कास्तकारही कुणाचा तरी कमी मजुरीचा माणूसच आहे. देशाला कापूस हवा, गिरण्यांना स्वस्त रुई हवी, बाजाराला स्वस्त शर्ट हवा. प्रत्येक जण खालच्याच्या मजुरीतून थोडं थोडं काढून घेतो, आणि सगळ्यात खाली जो पंप घेऊन उभा असतो त्याच्या खाली काढून घ्यायला कुणीच उरत नाही. त्याच्यापाशी एकच भांडवल, ते म्हणजे शरीर. त्याची पदरमोड तिथे होते.

आणि अपघात झाल्यावरही आपले कागद त्याला ओळखत नाहीत. शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने अपघात योजना आहे. तिच्या अपघातांच्या यादीत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा स्पष्ट लिहिलेली आहे. नियम करणाऱ्याला धोका कुठे आहे हे नेमकं माहीत होतं. पण लाभार्थी सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी, आणि पुढे २०१९ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा त्याच्या घरातली एक व्यक्ती. पंप पाठीवर घेणारा बहुतेक वेळा भूमिहीन असतो. सातबारा एकाच्या नावाने आणि विष दुसऱ्याच्या अंगात, ही आपल्या वावरांची रोजची गोष्ट आहे.

सरकार स्वतः मालक होतं तेव्हा काय करतं तेही पाहू. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राने देशाला दिली, आणि १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उभी राहिली तेव्हा मुख्यमंत्री आपल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक होते. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला. मागेल त्याला काम हा हक्क कायद्यात लिहिणारं हे राज्य. देशाची योजना झाल्यावर तिच्या मजुरीचं काय झालं? २०१७-१८ मध्ये महाराष्ट्रातला दर होता दिवसाला २०१ रुपये. पुढच्या वर्षी २०३. त्याच्या पुढच्या वर्षी २०६. ज्या वर्षी आपल्या जिल्ह्यातली माणसं मेली त्याच्या पुढच्या एप्रिलात मजुराच्या दिवसाची किंमत दोन रुपयांनी वाढली. २०२५-२६ ला ती ३१२ होती. सरकारच एवढे देत असताना खाजगी मालकाने जास्त का द्यावेत, असा सवाल मला गावातल्या पारावर अनेकांनी केला आहे. सरकारी दर हा मजुरीचा तळ असायला हवा होता. आपण त्याचं छत करून टाकलं.

मजुरी द्यायची नसली की तिला दुसरं नाव देण्याची युक्तीही सरकारचीच. आशाताईंना मानधन मिळतं. गावातली प्रत्येक गरोदर बाई, प्रत्येक ताप, प्रत्येक लस त्यांच्या वहीत. करोनात दारोदार त्याच फिरल्या. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाखांवर आशांना जागतिक पातळीवरचा सन्मान दिला, आणि त्यानंतरही आपल्या आशाताई मानधनवाढीसाठी मुंबईच्या आझाद मैदानात रात्री काढत होत्या. शिक्षणसेवकाचंही तेच. शिक्षक म्हटलं तर पगार द्यावा लागतो, म्हणून सेवक म्हणायचं. प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाला २०२२ सालापर्यंत महिन्याला सहा हजार रुपये मिळत होते. २०२३ पासून सोळा हजार झाले. सहा हजारांत घरभाडं, प्रवास आणि जेवण भागवणाऱ्या तरुणाकडून आपण आपल्या लेकरांची प्रगती मागत होतो.

सरांची आठवण ज्या क्षेत्राशी बांधलेली आहे तिकडे आता वळतो.

खाशाबा जाधवांची गोष्ट सर आम्हाला दरवर्षी सांगायचे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला सहावा आला होता. १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, दुकानदारांनी हातभार लावला, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि दुसरं यायला १९९६ साल उजाडावं लागलं. गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढली. त्या मिरवणुकीनंतर खाशाबांनी काय केलं? कुस्त्या ठेवल्या आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं.

सर इथे थांबायचे आणि विचारायचे, "पोरांनो, यात मोठं कोण?" आम्ही ओरडायचो, "खाशाबा!" कुणी म्हणायचं, "खर्डेकर सर!" दोन्ही उत्तरांवर ते मान हलवायचे. मला आज वाटतं, त्या गोष्टीत एक रिकामी खुर्ची आहे आणि तिच्याकडे आम्ही कुणी पाहिलं नाही. ज्या देशाच्या नावाने तो मल्ल आखाड्यात उतरला, ज्याच्या छातीवर त्या पदकाचा मान लागला, त्या देशाचं सरकार खर्चाच्या वेळी कुठे होतं? प्राचार्यांनी घर गहाण टाकणं थोर आहे. पण एका देशाचं पदक एका मास्तराच्या घरावर टांगलेलं असावं, यात देशाला अभिमान वाटण्यासारखं काय आहे? खाशाबा पुढे पोलिसात गेले, १९८४ मध्ये अपघातात वारले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणानंतर सोळा-सतरा वर्षांनी.

काळ बदलला, हे मी नाकारत नाही. आज शिष्यवृत्त्या आहेत, प्रबोधिनी आहेत, परदेशी प्रशिक्षक आहेत. २०२४ च्या १ ऑगस्टला पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत कांस्य आणलं तेव्हा खाशाबांची आठवण सगळ्यांनी काढली, कारण महाराष्ट्राच्या खेळाडूचं तसं पदक बहात्तर वर्षांनी आलं होतं. तो २०१५ पासून रेल्वेत तिकीट तपासनीस होता. पदक आलं आणि लगेच त्याची अधिकारी पदावर बढती जाहीर झाली. आनंदच झाला. पण बढती, बक्षीस, मोटार, घर हे सगळं पदकानंतर येतं. पदकाच्या आधी जी दहा-बारा वर्षं जातात, ज्यांत खरी गरज असते, ती अजूनही आईबापांच्या आणि एखाद्या सरांच्या पदरमोडीवर चालतात. पेरणीला पैसा द्यायचा नाही आणि सुगीला हार घेऊन बांधावर यायचं, असा हा प्रकार आहे.

आणि पदक न आलेल्यांचं काय? पहाटे पाचला दारव्हा रोडवर या. पोलीस भरतीची पोरं-पोरी धावत असतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. कुणाच्या पायात भावाचे जुने बूट, एक माप मोठे, आत कापूस कोंबलेला. कापूस तेवढा आपल्याकडे आहे. यातल्या कितींना कुणी धावायला शिकवलं, पोटात काय गेलं हे विचारलं? तरी मैदानावर घड्याळ सगळ्यांना सारखंच लावलं जातं. सेकंद कमी पडला की पोरगं कमी पडलं.

कुणी म्हणेल, हे सगळं भावनेच्या भरात बोलणं झालं. धंदा असा चालत नाही. तर धंद्याचंच उदाहरण देतो, आणि फार लांबचं नाही. आपल्याच भागाच्या कापसासाठी जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर गाठलं आणि १८७७ च्या १ जानेवारीला एम्प्रेस मिल सुरू केली. सुरुवातीला मोठी अडचण ही, की कामगार टिकत नव्हते, मन मानेल तेव्हा यायचे. त्या काळची रीत होती दंड करायचा, पगार कापायचा. टाटांनी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी वेगळा मार्ग धरला. कामाच्या जागी हवा खेळती राहील आणि दमटपणा ताब्यात राहील अशी यंत्रणा बसवली. नियमित येणाऱ्यांना बक्षिसं ठेवली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी उभा केला, १८९५ पासून अपघाताची भरपाई सुरू केली. कायद्याने हे मागायला अजून कितीतरी वर्षं होती. आणि त्याच गिरणीने नव्या पद्धतीच्या रिंग चात्या देशात सगळ्यांच्या आधी वापरून दाखवल्या. माणूस टिकतो तिथेच नवं यंत्र शिकलं जातं, हे त्या व्यवस्थापकांना कळलं होतं. जमशेटजींना मला संत ठरवायचं नाही. गिरणीचा दिवस तेव्हा लांबच होता, आणि रविवारच्या सुटीसाठी मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांना १८९० पर्यंत झगडावं लागलं. पण अपघाताची किंमत मालकाच्या वहीत लिहायची असते, हे सव्वाशे वर्षांपूर्वी नागपुरात एका धंदेवाल्याला समजलं होतं. नागपूर इथून दीडशे किलोमीटर आहे.

आमच्या वावराच्या वहीत तो रकाना २०१७ पर्यंत नव्हता. औषधाचे पैसे, पंपाचे पैसे, डिझेलचे पैसे सगळं लिहिलेलं. मजुराचा चष्मा, हातमोजे, साबण, आणि वारा उलटा असेल त्या दिवसाची मजुरी, हे लिहिलेलं नव्हतं. आता आहे. त्यामुळे माझा कापूस महाग पडतो, आणि तो मी विकायला नेतो तेव्हा व्यापारी मला एक रुपया जास्त देत नाही. नोकरी आहे म्हणून मला हे पेलतं. माझ्या शेजारच्या कोरडवाहू कास्तकाराला मी हे कोणत्या तोंडाने सांगू? त्याला जमायचं तर हमीभावाच्या हिशेबात फवारणीवाल्याचं संरक्षण खर्च म्हणून धरलं गेलं पाहिजे, औषध विकून नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी किटसोबत पंपवाल्याच्या विम्याचा भार उचलला पाहिजे, आणि अपघात योजनेतली सातबाऱ्याची अट गेली पाहिजे. ही मागणी आपण कास्तकार आणि मजूर मिळून करत नाही, तोवर आपण दोघे एकमेकांच्याच पाच रुपयांवर भांडत राहू.

गेल्या पावसाळ्यातली एक गोष्ट सांगून थांबतो. तोच भाऊ, आमच्याच वावरात. आता मी त्याला पंपामागे सांगत नाही, रोजाने सांगतो. सकाळी साडेसातला मी पोचलो तर तो धुऱ्यावर उभा होता, पंप रिकामा, खाली ठेवलेला. मला म्हणाला, "मास्तर, वारा पाह्यता का? आज नाई मारत मी." त्याची बायको दुसऱ्या कडेला निंदत होती, ती हात थांबवून आमच्याकडे पाहू लागली. मी म्हणालो, बरं केलं, आणि खिशातून त्या दिवसाची पुरी मजुरी काढून त्याच्यापुढे धरली.

तो एक पाऊल मागे सरला. "कामच नाई केलं त मजुरी कायची, मास्तर?"

मी काही बोलेपर्यंत त्याची बायको ओळ ओलांडून आली, तिने पदराला हात पुसले आणि माझ्या हातातल्या नोटा घेतल्या.